शांत राहण्याचा खर्च

नंदुरबारच्या आसपास हिवाळ्यात मिरचीच्या पथारी लागतात. एसटी त्या बाजूने निघाली की खिडक्या भराभर बंद होतात, तरी मागच्या सीटवर कुणाला तरी शिंक येतेच. दिवसभर तिथे बसून मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांच्या हातांची संध्याकाळी कशी आग होते, ते त्यांनाच ठाऊक. पाण्यात हात बुडवून काही होत नाही, कारण मिरचीचं तिखट पाण्यात विरघळतच नाही. तेल चोळायचं, नाहीतर दही. आणि तेवढ्या वेळात डोळ्याला हात लावायचा नाही.

त्या हाताला थर्मामीटर लावला तर तापमान नेहमीइतकंच भरेल. हात पोळलेला नाही, फोड नाही, जवळपास विस्तव नाही. तरी त्या बाईला जी आग जाणवते ती चुलीवर पोळल्यासारखीच असते, आणि त्यात मनाचे खेळ काही नाहीत. कातडीत शिरलेल्या बारीक मज्जातंतूंच्या टोकांवर एक प्रथिनाचं दार असतं. ते साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडतं. मिरचीतलं कॅप्सायसिनही नेमकं तेच दार उघडतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हे दार १९९७ साली शोधलं, आणि २०२१ साली त्यांना नोबेल मिळालं. स्पर्शाचं दार शोधणारे आर्डेम पॅटापुटियन त्या पारितोषिकात भागीदार होते.

४३ हा आकडा वाचून खान्देशातल्या माणसाला हसूच येईल. आमच्याकडे मे महिन्यात पेपरात पहिल्या पानावर रोज तोच असतो, भुसावळला तर कधी त्याहून दोन-तीन अंश वर. मग आपण सगळे दिवसभर पेटल्यासारखे किंचाळत का नाही? कारण हवा तापली तरी घाम कातडीला त्या आकड्याच्या खाली धरून ठेवतो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या सीटवर बसलात तर मात्र ते दार तिथल्या तिथे उघडतं, हे सांगायला नोबेलवाला लागत नाही.

राघू मात्र मिरच्या खुशाल खातो. पक्ष्यांमध्येही हे दार आहे, उष्णतेने ते उघडतंही, पण त्याची घडण जराशी वेगळी असल्यामुळे कॅप्सायसिन त्यावर चालत नाही. सस्तन प्राणी बी चावून वाया घालवतात. पक्षी ते अख्खं गिळून लांब नेऊन टाकतात. मिरचीला कुणाला हाकलायचं आणि कुणाला बोलवायचं ते बरोबर जमलेलं आहे. आपण मात्र हाकललं तरी न जाणारी जात. जेवताना ठेचा नसला तर आमच्याकडे पान वाढलंय असं कुणी मानत नाही.

तर दार उघडलं. आता पुढे जे जातं त्यात मिरची नसते आणि विस्तवही नसतो. तंतूतून जातात त्या फक्त ठिणग्या, आणि एका तंतूतली प्रत्येक ठिणगी दुसरीइतकीच. केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी १९२० च्या दशकात एकेका तंतूतले विद्युत्-स्पंद मोजले तेव्हा हे दिसलं की जोराचा दाब दिला तरी स्पंदाची उंची वाढत नाही. सेकंदाला येणाऱ्या स्पंदांची संख्या तेवढी वाढते. मज्जातंतूला मोठ्याने ओरडता येत नाही, जास्त वेळा ओरडता येतं. कुठल्या तंतूवरून हाक आली आणि किती वेळा आली, एवढ्या दोन गोष्टींवरून मेंदू ठरवतो की हे पोळणं आहे, टोचणं आहे, की कुणी पाठीवर हात ठेवलाय. मिरचीच्या हाताची हाक पोळण्याच्या वाटेने येते, म्हणून ते पोळणं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. चेतासंस्थेचा धडा आला की फळ्यावर विजेची तार काढायची रीत आहे आणि ती मला पटत नाही. तांब्याच्या तारेत वीज या टोकाला सोडली की जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने त्या टोकाला जाणवते, आणि लांबी वाढत गेली की कमजोर होते. मज्जातंतूत दोन्ही उलट. संदेश हळू जातो, पण पायाच्या अंगठ्यापासून निघालेला स्पंद कण्यापाशी पोचतो तेव्हा निघताना होता तेवढाच असतो. मुलांना मी पऱ्हाट्यांचं उदाहरण देते. कपाशी संपल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या बांधाशी ओळीने पडलेल्या असतात. एका टोकाला काडी लावली की शेजारची पऱ्हाटी पहिलीच्या धगीने पेटते, तिच्या धगीने तिसरी. काडीची आग काही शेवटपर्यंत चालत जात नाही. प्रत्येक ठिकाणी ती तिथल्या लाकडावर नव्याने धरते. म्हणून शेवटची पऱ्हाटीही पहिलीइतकीच जोरात जळते, आणि मागे जळून गेलेलं असल्यामुळे आग उलटी फिरत नाही. शेतात हे एकदाच होतं. तंतूत एका सेकंदात शंभरदा होऊ शकतं, कारण जळालेली पऱ्हाटी तिथे सेकंदाच्या हजाराव्या भागात पुन्हा उभी राहते. ती कोण उभी करतं, हा माझ्या मते त्या धड्यातला खरा प्रश्न आहे, आणि पुस्तकात त्याला दोन ओळीही नसतात.

तंतूच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. दोन्हींच्या मध्ये पाच-सात नॅनोमीटरचा पडदा, आणि त्या पडद्याच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक. आतली बाजू ऋण. सत्तर मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण इतक्या पातळ पडद्यावर तो ताण एका मीटरला एक कोटी व्होल्टच्या घरात जातो. चेतना मिळाली की पडद्यातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, त्या जागेचा व्होल्टेज पालटतो, तो पालटला म्हणून शेजारची दारं उघडतात. मग सोडियमची दारं आपोआप मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं, जागा पुन्हा शांत. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी समुद्रातल्या स्क्विडच्या जवळजवळ मिलिमीटरभर जाड तंतूवर हे मोजलं आणि १९५२ साली गणितात बसवलं. इथपर्यंत सगळं उतारावरून पाणी वाहावं तसं आहे. यात तंतूला पदरचं काही खर्चावं लागत नाही.

खर्च नंतर येतो. आत आलेलं सोडियम बाहेर आणि बाहेर गेलेलं पोटॅशियम आत, हे उताराच्या उलट काम करायला पडद्यात पंप आहेत. तीन सोडियम बाहेर टाकायचे, दोन पोटॅशियम आत घ्यायचे, आणि दर खेपेला पेशीच्या ऊर्जेचा एक रेणू मोजायचा. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांना हा पंप १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूत सापडला. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के आणि ऊर्जेचा खर्च वीस टक्के, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यातला मोठा वाटा हा पंप खातो. संदेश गेल्यानंतरची आवराआवर तेवढी महाग पडते. आणि माणूस गणित सोडवत असो की संध्याकाळी ओट्यावर नुसता बसलेला असो, मेंदूच्या एकूण खर्चात फारसा फरक पडत नाही, हेही मोजलेलं आहे. आई ओट्यावर बसून "मी काय, रिकामीच शे" म्हणते तेव्हा मला हे आठवतं. ते तिला सांगायचा प्रयत्न केला तर म्हणाली, मग चहा ठेव.

पोटॅशियमचा विषय निघालाच आहे तर केळीला वगळून कसं चालेल? रावेर-सावद्याकडे काय किंवा आमच्या शहाद्याकडे काय, केळी हाच संसार. शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. म्हणून रोज केळी खाऊन मज्जातंतू तल्लख होतात, असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते खरं नाही. रक्तातलं पोटॅशियम मूत्रपिंडं अगदी काटेकोर पट्ट्यात धरून ठेवतात. तो पट्टा सुटला तर मात्र गंमत राहत नाही. फार कमी झालं तर पायातली ताकद जाते आणि फार वाढलं तर हृदय थांबतं. म्हणून मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाला डॉक्टर सगळ्यात आधी केळं बंद करायला सांगतात. केळीच्या बागेत राहणाऱ्याला ही शिक्षा मोठीच.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे खापर निघतं. माहेरी आलेल्या लेकी, झाडाला झोके, आमरस, आणि चुलीवर पालथं घातलेलं ते मोठं मातीचं खापर. पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर नाचवत नाचवत एवढा मोठा करायचा की कोपरापर्यंत हात त्याखाली झाकले जातात, आणि मग तो मांडा खापरावर अलगद टाकायचा. टाकताना बोटं खापराला लागणार हे ठरलेलंच. बोट लागलं की हात आधी मागे येतो, कळतं नंतर. कातडीतून निघालेला संदेश पाठीच्या कण्यात पोचतो, तिथल्या तिथे स्नायूंना हुकूम सुटतो, मेंदूला फक्त प्रत जाते. मग एक तीक्ष्ण चटका जाणवतो. तो पातळ वेष्टण असलेल्या तंतूंनी आणलेला असतो, सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने. आणि त्यानंतर, म्हणजे "आई गं" म्हणून झाल्यावर, ती संथ, पसरणारी, रेंगाळणारी आग येते. ती आणणाऱ्या तंतूंना वेष्टणच नसतं. त्यांचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. पायाला पोळलं तर ही दुसरी आग मेंदूपर्यंत यायला सेकंद-दीड सेकंद घेते. तोवर आपल्याला वाटतं, वाचलो.

मज्जातंतूला वेग असतो, आणि तो मोजता येतो, हेच एकेकाळी कुणाला खरं वाटत नव्हतं. योहानेस म्यूलर हे त्या काळचे मोठे शरीरशास्त्रज्ञ. हा वेग मोजणं आपल्याला बहुधा कधीच जमणार नाही असं त्यांचं मत. त्यांच्याच शिष्याने, हेर्मान हेल्महोल्ट्झने, १८५० साली बेडकाच्या पायाचा तंतू घेतला, जवळून आणि लांबून चेतना दिली, स्नायू आखडायला लागलेल्या वेळातला फरक मोजला आणि आकडा काढला: सेकंदाला सत्तावीस-अठ्ठावीस मीटर. आपली एक्स्प्रेस गाडी जळगाव-भुसावळ दरम्यान धावते साधारण तेवढाच.

खापरापाशी मला त्याहून नवलाचं वाटतं ते वेगळंच. बोट लागल्यावर झटकन मागे येणारा हाच हात, त्यात उकळत्या आमटीचं पातेलं असेल तर मागे येत नाही. फडकं सरकलंय, बोटं पोळतायत, कण्यातला हुकूम "सोड" म्हणतोय, आणि बाई ओठ दाबून चार पावलं चालत पातेलं नीट खाली ठेवते. वरून मेंदूने कण्याला दाबून धरलेलं असतं. शरीरातले कितीतरी हुकूम असे "करू नको"चेच असतात. हात वाकवायचा तर वाकवणाऱ्या स्नायूला चेतना मिळते आणि त्याच क्षणी सरळ करणाऱ्या स्नायूच्या पेशीला गप्प केलं जातं. चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने हे आयुष्यभर तपासलं. गप्प करणारी ही यंत्रणा बंद पडली तर काय होतं ते धनुर्वातात दिसतं. गंजक्या खिळ्याची जखम, शेणामातीतला जंतू, त्याचं विष तंतूच्या आतून कण्यात चढतं आणि नेमक्या "करू नको" म्हणणाऱ्या पेशींचं तोंड बंद करतं. मग सगळेच स्नायू एकदम ओढतात, पाठीची कमान होते, साध्या आवाजानेही झटका येतो. अंगात ताकद कमी झालेली नसते. थांबवणारं कुणी उरलेलं नसतं.

ऑगस्टमध्ये कपाशीवर फवारणी सुरू होते. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, पायात काही असलं तर असलं. आमच्या गल्लीतला एक गडी असाच दुपारी वारा सुटलेला असताना फवारत होता. संध्याकाळी बांधावर बसला तो उठेना. तोंडातून लाळ, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि दंडाच्या कातडीखाली स्नायू वळवळत होते, जणू आत काहीतरी फिरतंय. त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, शिरेतून ॲट्रोपिन दिलं, पुन्हा दिलं, पुन्हा दिलं. वाचला. आजही फवारतो, पर्याय काय, असं त्याचंच म्हणणं.

त्याच्या अंगात काय झालं होतं ते समजायला एका स्वप्नापर्यंत मागे जावं लागतं. एका तंतूचं टोक आणि पुढचा स्नायू यांच्यामध्ये फट असते. ठिणगी ती ओलांडते कशी, विजेने की रसायनाने, यावर मोठा वाद होता. ऑस्ट्रियात ग्राट्सला ओटो लोवी नावाच्या प्राध्यापकांना झोपेत एक प्रयोग सुचला. उठून त्यांनी चिठ्ठीवर खरडला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तीन वाजता तेच पुन्हा सुचलं, तेव्हा मात्र ते थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाचा मज्जातंतू छेडून त्याची धडधड मंद केली, त्याच्याभोवतीचं द्रावण काढून दुसऱ्या हृदयावर घातलं, आणि तंतूविनाच दुसरंही मंद झालं. म्हणजे तंतू काहीतरी ओततो. १९२१ साली हे छापून आलं. ते "काहीतरी" म्हणजे ॲसिटिलकोलिन, आणि स्नायूला आखडायला सांगणारं रसायनही तेच.

पण सांगून झाल्यावर ते तिथेच साचून राहिलं तर? म्हणून त्या फटीत एक विकर (एन्झाइम) बसवलेलं असतं. त्याचं एकच काम, ॲसिटिलकोलिन आलं की तोडून टाकायचं. विकराचा एक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलिनचे हजारो रेणू तोडतो. शरीरातल्या सर्वात चपळ विकरांपैकी ते एक. आपण बोट हलवतो आणि थांबवतो, त्यातलं थांबणं या झाडूवाल्याच्या भरवशावर चालतं. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं नेमकी त्यालाच पकडतात. किड्याच्या मज्जासंस्थेतही हेच रसायन, हेच विकर; किडा आणि फवारणारा यात विष भेद करत नाही, मात्रा तेवढी करते. जर्मनीत १९३० च्या दशकात गेर्हार्ड श्राडर कीटकनाशकं शोधता शोधता टाबून आणि सारिनपर्यंत पोचले, जे पुढे युद्धातले विषारी वायू म्हणून ओळखले गेले. तेच घराणं सौम्य होऊन आमच्या बांधावर डब्यांतून येतं. २०१७ साली यवतमाळकडे फवारणीत अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले तेव्हा पेपर काही आठवडे भरून गेले होते. आमच्याकडे असे प्रसंग एकेकटे होतात, त्यामुळे पेपरात येत नाहीत. हातमोजे आणि पूर्ण कपडे घालून फवारा असं पत्रकात छापलेलं असतं. भर भाद्रपदाच्या उकाड्यात ते अंगावर ठेवून दाखवावं असं पत्रक छापणाऱ्यांना एकदा सांगायला हवं.

लाल विंचवाचं विषही याच जातीचं काम करतं, जागा फक्त वेगळी. ते सोडियमची दारं मिटू देत नाही. आपोआप चालणारी कामं सांभाळणारी सगळी स्वायत्त मज्जासंस्था एकदम पेटते, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. रायगड जिल्ह्यात महाडकडे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी गावच्या आरोग्य केंद्रात बसून हे रुग्ण तपासले, १९८२ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने अशी माणसं वाचवता येतात हे दाखवून दिलं. गोळी विष उतरवत नाही. पेटलेल्या तंतूंचं म्हणणं रक्तवाहिन्यांना ऐकू येऊ देत नाही, एवढंच. माझ्या आजोळी विंचू उतरवणारा एक म्हातारा होता. त्याच्याकडे जाण्यात जो वेळ गेला असेल त्याची मला आता भीती वाटते.

आणि आता आईचे पाय.

मधुमेह तिला बरीच वर्षं आहे. मागच्या उन्हाळ्यात ती दुपारी अंगणात पापड उलटायला गेली, अनवाणी, फरशीवरून. रात्री पाय धुताना मला तिच्या तळव्यावर रुपयाएवढा फोड दिसला. तिला पत्ताच नव्हता. मी विचारलं दुखत नाही का, तर म्हणाली, "माले काही व्हत नही." त्याच पायांना रात्री मुंग्या येतात, आग होते, कधी सुया टोचतात म्हणते, कधी पायात लोकरीचे मोजे आहेत असं वाटतं म्हणते. विस्तव लागला तेव्हा बातमी नाही, आणि गादीवर पडल्यावर विस्तवाच्या बातम्या. मला पहिल्यांदा ते विसंगत वाटलं होतं, पण दोन्ही एकाच बिघाडाची टोकं आहेत. जे तंतू मेले ते कळवत नाहीत. जे अर्धवट उरलेत त्यांना शांत राहणं जमत नाही. त्यांच्या पडद्यावरची दारं जागच्या जागी उघडमीट करतात, आणि मेंदू बिचारा नेहमीच्या नियमाने अर्थ लावतो: या वाटेने हाक आली म्हणजे पाय पोळतोय.

पायच का, हे मला डॉक्टरांनी बोटाने दाखवलं. तळपायाची संवेदना आणणाऱ्या पेशीचा मुख्य देह पायात नसतो, कमरेत कण्याशेजारी असतो. तिथून तिचा एकच धागा अंगठ्यापर्यंत जातो, मीटरभर लांब. ठिणगी हे अंतर क्षणात कापते. पण त्या धाग्याच्या टोकाला लागणारी प्रथिनं, दुरुस्तीचं सामान, हे सगळं कमरेतच तयार होतं आणि धाग्याच्या आतल्या बारीक रुळांवरून ओढत न्यावं लागतं. त्यातला वेगवान माल दिवसाला चाळीसेक सेंटिमीटर जातो, म्हणजे अंगठ्याला पोचायला दोन-तीन दिवस. संथ माल दिवसाला काही मिलिमीटर, काही तर तेवढाही नाही. त्याला महिने लागतात. (पिसाळलेल्या कुत्र्याचा विषाणू याच रुळांवरून उलट दिशेने वर चढतो. म्हणून चेहऱ्याजवळचा चावा पायावरच्या चाव्यापेक्षा जास्त घाईचा. इंजेक्शन मात्र दोन्हींत लगेच.) रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की ही वाहतूक, हे पंप, त्यांना रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या वाहिन्या, सगळंच खालावतं. आणि वाहतूक खालावली की सगळ्यात लांबचं गाव आधी उपाशी राहतं. म्हणून सुरुवात अंगठ्यापासून होते, मग घोटा, मग पोटरी. गुडघ्याच्या जवळ आलं की हाताच्या बोटांची टोकं सुरू होतात, कारण तिथपर्यंतची लांबी तेव्हा जुळते.

तपासणी अगदी साधी असते. डोळे मिटायला सांगून डॉक्टर नायलॉनचा एक दोरा तळव्याला टेकवतात. तो दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो, त्यापेक्षा जास्त दाब पडतच नाही. मग १२८ हर्ट्झचा नादकाटा वाजवून हाडावर ठेवतात. अंगठ्यावर आईला काहीच कळलं नाही. घोट्यावर ठेवला तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "आते गुणगुणस." डॉक्टरांनी रात्रीसाठी गोळी दिली, प्रिगॅबलिन. ती तंतू दुरुस्त करत नाही. कण्यातल्या टोकांवरची कॅल्शियमची दारं थोडी अडवून धरते, त्यामुळे पुढे ओतलं जाणारं रसायन कमी होतं. मेलेले तंतू परत आणायला औषध नाही. साखर ताब्यात ठेवली तर उरलेले टिकतात. कापला गेलेला निरोगी तंतू पुन्हा वाढतो तोही दिवसाला साधारण एक मिलिमीटर, त्यामुळे घाई करून उपयोगच नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचे तळवे आरशात बघायचं काम माझं किंवा वहिनीचं. घरात चप्पल घाल म्हटलं तर स्वयंपाकघरात देवघर आहे म्हणून ती ऐकत नाही. मग फक्त घरात वापरायच्या कापडी सपाता आणल्या, त्या उंबऱ्याच्या अलीकडे काढते. मी रोज बोलते, ती रोज ऐकून घेते. परवा भावाला फोनवर सांगत होती, "पाय माले काही सांगत नहीत, आनि हाई गुपचूप बठत नही."

गेल्या वेळी डॉक्टरांनी दोरा हाताच्या बोटांनाही लावून बघितला. दहाही बोटांना तिला कळलं, प्रत्येक वेळी ती मोठ्याने "हां" म्हणत होती. बाहेर आल्यावर रिक्षात बसता बसता तिने जाहीर केलं की आखाजीला मांडे तीच टाकणार. हातांचं मी मान्य केलंय. चुलीपुढे बसताना सपाता घालायच्या की नाही, यावर अजून बोलणी चालू आहेत.